चार आडनावांचा अल्बम: 'अँडरसन ब्रूफर्ड वेकमन हाउ' ऐकायला कुठून सुरुवात करावी

प्रोग्रेसिव्ह रॉक, म्हणजे लांब, गुंतागुंतीच्या रचनांचं रॉक, ऐकायचं म्हटलं की जाणकार मंडळी नवख्याला थेट १९७२ सालात नेऊन सोडतात. येस या बँडचा 'क्लोज टू द एज' ऐक, असं सांगतात आणि मोकळे होतात. त्यातलं पहिलंच गाणं अठरा मिनिटांच्या वर आहे, आणि त्याची सुरुवात म्हणजे सगळे जण एकाच वेळी आपापलं वाजवत सुटल्यासारखा गदारोळ. नवखा माणूस चौथ्या-पाचव्या मिनिटाला इअरफोन काढून ठेवतो आणि पुन्हा त्या वाटेला जात नाही.

त्याच बँडमधल्या चौघांनी १९८९ मध्ये पुन्हा एकत्र येऊन केलेला अल्बम सुरुवातीला जास्त सोयीचा पडतो, असं माझं मत आहे. जुने भक्त नाक मुरडतील, मुरडू देत. या अल्बममध्ये लांब गाणी आहेत, पण ती नावं दिलेल्या छोट्या तुकड्यांची बांधलेली आहेत. चाली एक-दोनदा ऐकल्या की तोंडात बसतात. आणि त्याचे दोषही लपून राहत नाहीत. चांगलं काय, फसलेलं काय, हे तुमचं तुम्हालाच कळायला लागतं. कान तयार व्हायला याहून काय हवं?

फक्त एक पथ्य. यात 'जुना येस' शोधत बसू नका. मधल्या सतरा वर्षांत चौघं चार दिशांना गेले होते. कोण कुठून काय घेऊन परतला, एवढंच ऐकायचं. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

आधी माणसं ओळखून घ्या

येस हा बँड १९६८ मध्ये लंडनमध्ये सुरू झाला. सोहो भागात वॉर्डर स्ट्रीटवर ला शास नावाचा क्लब होता. तिथे गायक जॉन अँडरसन आणि बास गिटार वाजवणारा ख्रिस स्क्वायर यांची गाठ पडली. ड्रम्सवर बिल ब्रूफर्ड पहिल्यापासून होता. गिटारिस्ट स्टीव्ह हाउ १९७० मध्ये आला आणि कीबोर्डवाला रिक वेकमन १९७१ मध्ये. या पाच जणांनी मिळून दोनच अल्बम केले, 'फ्रॅजाइल' आणि 'क्लोज टू द एज'. येसचं नाव आजही मुख्यतः या दोन अल्बमांवर चालतं.

त्यानंतर फाटाफूट. 'क्लोज टू द एज' पूर्ण होताच ब्रूफर्ड किंग क्रिमसन या दुसऱ्या बँडमध्ये निघून गेला. बँड शिखरावर असताना जाणारे फार थोडे असतात. क्रिमसन, मग यू.के., मग स्वतःच्या नावाचा बँड, पुन्हा क्रिमसन आणि शेवटी अर्थवर्क्स हा जॅझचा गट. ऐंशीच्या दशकात त्याने इलेक्ट्रॉनिक ड्रम्सचा असा नाद लावून घेतला की त्या पॅडवर तो सूरही वाजवायला लागला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

वेकमन रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये शिकला आणि शिक्षण अर्धवट सोडून स्टुडिओत वाजवायला लागला. डेव्हिड बोवीच्या 'लाइफ ऑन मार्स?' मधला पियानो त्याचाच. येसमध्ये तो आला, गेला, परत आला, परत गेला. मधल्या काळात त्याचा 'जर्नी टू द सेंटर ऑफ द अर्थ' इंग्लंडमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचला होता.

हाउने १९८० नंतर एशिया हा बँड काढला. त्यांचा पहिला अल्बम १९८२ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेला. रेडिओवर चार मिनिटांत बसणारं गाणं कसं करायचं, हे हाउ तिथे शिकला. अँडरसन ग्रीक संगीतकार व्हँजेलिसबरोबर अल्बम करत होता आणि १९८३ पासून नव्या येसमध्येही गात होता.

भांडण थोडक्यात समजून घ्या

नवा येस म्हणजे स्क्वायर, ड्रमर ॲलन व्हाइट, जुना कीबोर्डवाला टोनी के आणि दक्षिण आफ्रिकेहून आलेला गिटारिस्ट ट्रेव्हर रेबिन. 'ओनर ऑफ अ लोन्ली हार्ट' हे यांचं गाणं. जानेवारी १९८४ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. बँडला पैसा मिळाला, पण अँडरसनचं मन तिथे रमेना. १९८८ मध्ये तो बाहेर पडला आणि त्याने वेकमन, हाउ आणि ब्रूफर्ड यांना गाठलं.

अडचण नावाची होती. 'येस' या नावावर स्क्वायरच्या बाजूचा हक्क. मग या चौघांनी चार आडनावं ओळीने लावली आणि तेच बँडचंही नाव ठेवलं आणि अल्बमचंही. 'जोशी, कुलकर्णी, देशपांडे आणि गोखले, चार्टर्ड अकाउंटंट्स' अशी पाटी वाचल्यासारखं वाटतं खरं. दौऱ्याच्या जाहिरातीत येसचा उल्लेख करण्यावरून खटलाही झाला. दौऱ्याला यांनी नाव दिलं होतं 'अ‍ॅन ईव्हनिंग ऑफ येस म्युझिक प्लस'. यातला 'प्लस' काय कामाचा होता ते कळलंच असेल.

भांडणाचं एवढं पुरे. यूट्यूबवर याच विषयावर तासन्‌तास बोलणारे लोक आहेत, त्यांच्या नादी आत्ता लागू नका.

पूर्वतयारी म्हणून फक्त चार गाणी

अल्बमला हात लावण्याआधी येसची ही चार गाणी ऐका, याच क्रमाने.

पहिलं 'राउंडअबाउट'. पाच जणांचा मूळ आवाज कसा होता, हे यात सगळ्यात पटकन कळतं. बासकडे कान द्या. तो मागे टेकू देत बसत नाही, गिटारच्या बरोबरीने पुढे येऊन बोलतो. दुसरं 'लाँग डिस्टन्स रनअराउंड', साडेतीन मिनिटांचं. बाकीचे सरळ चार मात्रांत जात असताना ब्रूफर्ड दर पाचव्या ठोक्याला स्नेअर (ड्रम्समधला टणक आवाजाचा छोटा ड्रम) मारतो, म्हणून गाणं सतत घसरतंय आणि सावरतंय असं वाटतं. तिसरं 'अँड यू अँड आय', हाउ आणि अँडरसन यांच्या हळुवार बाजूसाठी. चौथं 'ओनर ऑफ अ लोन्ली हार्ट', म्हणजे अँडरसन कुठून पळून आला ते कळेल. पळून येण्यासारखं गाणं नाही ते, उलट झकास आहे. पण या चौघांचा पिंड तो नव्हे.

ऐकण्याची सोय

मोबाइलच्या स्पीकरवर हा अल्बम ऐकू नका. खालचा अर्धा आवाज त्यातून येतच नाही, आणि या अल्बमवर खाली बरंच काही चाललेलं असतं. साधे तारेचे इअरफोन चालतील, महागड्या हेडफोनची गरज नाही.

ॲपमध्ये शोधताना चारही आडनावं टाका, नुसतं येस टाकून भलतंच सापडेल. शफल बंद करा. एक गाणं संपता संपता दुसरं त्यात मिसळण्याची सोय ॲपमध्ये चालू असेल तर तीही बंद करा, नाहीतर शेवट कापले जातात. आणि 'ब्रदर ऑफ माइन' किंवा 'ऑर्डर ऑफ द युनिव्हर्स' यांच्या छोट्या, सिंगलसाठी कापलेल्या आवृत्त्याही दिसतील. त्या घेऊ नका. पहिलं गाणं दहा मिनिटांच्या वर आणि दुसरं नऊ मिनिटांचं असलं पाहिजे. त्याहून लहान दिसलं तर ते कापलेलं आहे.

अल्बमची एकूण लांबी साधारण ५९ मिनिटं, गाणी नऊ. पण पहिल्या फेरीत एका बैठकीत सगळी ऐकायची नाहीत, आणि पहिल्या गाण्यापासून तर मुळीच नाही.

पहिलं गाणं: 'ब्रदर ऑफ माइन'

अल्बमवर हे तिसरं आहे. सुरुवात इथून करा आणि एका दिवसात एवढंच ऐका. दोनदा ऐका, हवं तर तीनदा.

गाण्याचे तीन भाग आहेत: 'द बिग ड्रीम', 'नथिंग कॅन कम बिट्वीन अस' आणि 'लाँग लॉस्ट ब्रदर ऑफ माइन'. पहिल्यांदा ऐकताना फक्त एकच काम करा, भाग कुठे बदलतो ते पकडा. कागदावर वेळ लिहून ठेवली तरी चालेल. पहिला भाग संथ आहे, अँडरसनचा आवाज आणि कीबोर्ड यांच्यावर तोललेला. नवख्याला इथे वाटतं की हे भावगीताच्या अंगाने जाणार. मग लय भरत जाते, गिटार पुढे येते, आणि शेवटच्या भागात सगळे मिळून एका उड्या मारणाऱ्या ठेक्यावर येतात. चाल इतकी सोपी की दुसऱ्या वेळेला तुम्ही बरोबर गुणगुणाल.

दुसऱ्यांदा ऐकताना अँडरसनचा आवाज बाजूला ठेवा. तो फार उंच आणि फार स्वच्छ आहे, त्यामुळे कान सारखा तिकडे ओढला जातो. मुद्दाम खाली बघा. तिथे कोण आहे?

तिथे स्क्वायर नाही. तिथे टोनी लेव्हिन आहे. हा अमेरिकन माणूस ब्रूफर्डबरोबर १९८१ ते १९८४ या काळात किंग क्रिमसनमध्ये होता. त्याआधी पीटर गॅब्रिएलकडे वाजवत होता, जॉन लेननच्या 'डबल फँटसी' वरही वाजवून गेला होता. ब्रूफर्डच्या ओळखीने तो इथे आला. बासखेरीज तो चॅपमन स्टिक नावाचं वाद्यही वाजवतो, ज्यात तारा छेडायच्या नसतात, दोन्ही हातांच्या बोटांनी ठोकायच्या असतात. 'राउंडअबाउट' मधला पुढे येऊन बोलणारा बास आठवा आणि इथला ऐका. लेव्हिन जागा सोडतो. गोल, खोल सूर टाकतो आणि गप्प बसतो. येसच्या संगीतात ही गोष्ट पूर्वी नव्हती, आणि माझ्या मते या अल्बमचा सगळ्यात मोठा फरक गायकात किंवा गिटारमध्ये नसून इथे आहे. जुन्या भक्तांना स्क्वायरची उणीव बोचते ती इथेच. नवख्याला ती बोचणार नाही, हा नवखेपणाचा फायदा.

या गाण्याच्या श्रेयनामावलीत जेफ डाउन्सचं नाव आहे. तो एशियातला हाउचा सहकारी. कोण कुठून काय घेऊन आला, असं वर म्हटलं ना, त्याचा हा पहिला धडधडीत पुरावा. शेवटच्या भागातलं समूहगान ऐकून एशिया आठवला तर नवल नको.

त्या ड्रम्सचं काय करायचं

अल्बम ऐकून जे लोक चिडतात ते बहुतेक ड्रम्सवरून चिडतात. ब्रूफर्ड इथे मुख्यतः सिमन्स कंपनीचे इलेक्ट्रॉनिक ड्रम्स वाजवतो. १९७१ मध्ये त्याच्या स्नेअरचा आवाज धातूच्या डब्यावर टिचकी मारावी तसा टणटणीत होता. इथे तो जाऊन त्याच्या जागी ऐंशीच्या दशकातला जाड, गुळगुळीत 'ढूम' आलेला आहे. पहिल्या फेरीत तो खटकला तर खटकू द्या, तुमचे कान ठीक आहेत.

दुसऱ्या फेरीत आवाजाचा पोत विसरून नुसती रचना ऐका. ब्रूफर्ड पॅड सुरात लावून घ्यायचा, म्हणून काही ठिकाणी जे कीबोर्ड वाटतं ते ड्रम्स असतात. 'बर्थराइट' मध्ये हे शोधून पाहा. एकदा ते ऐकू आलं की मग त्या ढूमचा राग जरा कमी होतो. पूर्ण जात नाही.

ताल मोजायची हौस असेल तर एक सराव सांगतो. 'फ्रॅजाइल' वर 'लाँग डिस्टन्स रनअराउंड' संपता संपता जोडूनच 'द फिश' सुरू होतं. त्याचा मुख्य तुकडा सात मात्रांचा आहे. रूपक हा सात मात्रांचा ताल हाताशी असलेल्या माणसाला सात मोजायला शिकवावं लागत नाही. विभागणी तीन-दोन-दोन अशीच पडेल असं धरून चालू नका, आवर्तन सातावर पूर्ण होतं एवढंच पाहा. ते जमलं की या अल्बमकडे परत या. इथे बराचसा भाग सरळ चारात चालतो. गंमत मोजण्यात नाही, एका भागातून दुसऱ्यात शिरताना लय कशी मोडते आणि सावरते यात आहे.

मग हा क्रम

दुसऱ्या दिवशी 'द मीटिंग'. चार मिनिटांचं, जवळजवळ नुसता पियानो आणि आवाज. वेकमनच्या नावाशी झगमगीत केप आणि कीबोर्डांचे मनोरे जोडले गेले आहेत. त्या माणसाला पियानोवर थोडक्यात बोलता येतं हे इथे कळतं.

लगेच त्यानंतर 'बर्थराइट'. अल्बमवर या दोघांचा क्रम उलटा आहे, पण ऐकायला असा बरा. अल्बममधलं सगळ्यात गंभीर गाणं हेच. १९५० च्या दशकात ब्रिटनने ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात अणुचाचण्या केल्या, वूमेराच्या प्रतिबंधित पट्ट्यात, इमू फील्ड आणि मॅरालिंगा इथे. ती जमीन तिथल्या आदिवासींची होती. त्यांना हुसकावलं गेलं, धड सूचनाही दिल्या गेल्या नाहीत, आणि किरणोत्सर्गाचे परिणाम पुढच्या पिढ्यांनी भोगले. गाणं त्यावर आहे. याच्या श्रेयात मॅक्स बेकन हे नाव दिसेल. हाउ एशियातून बाहेर पडल्यावर जीटीआर नावाचा बँड काढून बसला होता, त्यात गायक हा होता. दुसरा पुरावा.

अँडरसनवर नेहमीचा आरोप असा की त्याचे शब्द ढगात असतात, अर्थ लागत नाही. आरोप खरा आहे. तो शब्द अर्थापेक्षा नादासाठी निवडतो. नवख्याने त्यात फार डोकं घालू नये. त्याचा अध्यात्माचा ओढा मात्र खरा होता आणि त्याची एक वाट भारतातून जाते. 'क्लोज टू द एज' च्या मागे हेर्मान हेसची 'सिद्धार्थ' ही कादंबरी होती. १९७३ च्या मार्चमध्ये ब्रूफर्डच्या लग्नात अँडरसनला क्रिमसनचा तालवादक जेमी म्युर भेटला. त्याने परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्राची गोष्ट काढली. त्या पुस्तकात शास्त्रांविषयी एक तळटीप आहे, श्रुती, स्मृती, पुराण आणि तंत्र असे चार प्रकार सांगणारी. तेवढ्या तळटिपेवर अँडरसनने दोन रेकॉर्डांच्या चार बाजूंचा, ८० मिनिटांच्या वरचा 'टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स' उभा केला. वेकमनला तो इतका नकोसा झाला की त्याने बँड सोडला. या पार्श्वभूमीवर 'बर्थराइट' मध्ये अँडरसन जमिनीवरच्या एका खऱ्या अन्यायाबद्दल सरळ बोलतो, हे विशेष.

तिसऱ्या दिवशी 'थीम्स' आणि 'फिस्ट ऑफ फायर' जोडून. 'थीम्स' मध्ये संगीताच्या धंद्यातल्या सत्तेच्या खेळाला अँडरसन चालता हो म्हणतो. वर सांगितलेलं भांडण इथे उपयोगी पडतं. 'फिस्ट ऑफ फायर' मध्ये वेकमन मोकळा सुटतो, आणि गाणं साडेतीन मिनिटांच्या आत संपतं, तेही बरंच.

मग 'ऑर्डर ऑफ द युनिव्हर्स'. नऊ मिनिटं, चार भाग. सुरुवातीची धून भव्य आहे, मैदानात वाजवायसाठी केलेली. पुढच्या 'रॉक गिव्ह्ज करेज' या भागात अँडरसन आवाज खरखरीत करून रॉकरचा आव आणतो. तो त्याला शोभत नाही, पण शेवटाकडे गाणं परत रुळावर येतं.

'क्वार्टेट' हळूच ऐका, रात्री ऐका. हाउची तारांची नाजूक कामं इथे आहेत आणि मागे ऑर्केस्ट्रासारखा भरणा. तो कीबोर्ड वाजवणाऱ्या मॅट क्लिफर्डने केला आहे. मधल्या भागात शब्दांतून येसच्या जुन्या गाण्यांची नावं डोकावतात. वरची चार गाणी आधी ऐकली असतील तर यातली गंमत जरा जास्त येईल. काहींना हे गोड वाटतं, काहींना आपलीच आरती ओवाळल्यासारखं. मी दुसऱ्या गटात मोडतो, तरी गाणं आवडतं.

गिटारबद्दल एक सूचना. अल्बमवर मिल्टन मॅकडोनाल्डनेही गिटार वाजवली आहे. प्रत्येक गिटार हाउची समजू नका. हाउची खूण म्हणजे तो एकाच गाण्यात तीन वेगळ्या गिटारी वापरतो आणि सूर क्वचितच सरळ रेषेत जातात.

राहिली दोन. 'लेट्स प्रिटेंड' तीन मिनिटांचं, अकूस्टिक गिटार आणि आवाज. याच्या श्रेयात व्हँजेलिस आहे. तिसरा पुरावा.

आणि 'टीकबॉइज'. याला शेवटी ठेवलंय ते मुद्दाम. साडेसात मिनिटांच्या वर चालणारं हे कॅरिबियन ढंगाचं नाचगाणं बहुतेक चाहत्यांना अल्बममधली सगळ्यात मोठी चूक वाटते. कारण समजून घेतलं तर निदान हसू येईल. अल्बमचं बरंचसं ध्वनिमुद्रण कॅरिबियनमधल्या मॉन्टसेरात बेटावर झालं. बीटल्सचा निर्माता जॉर्ज मार्टिन याने १९७९ मध्ये तिथे एअर स्टुडिओ उघडला होता. द पोलिस या बँडचा 'सिन्क्रोनिसिटी' आणि डायर स्ट्रेट्सचा 'ब्रदर्स इन आर्म्स' तिथलेच. आपल्या अल्बमचा निर्माता ख्रिस किम्झी आणि क्लिफर्ड हे दोघं त्याच वर्षी रोलिंग स्टोन्सच्या 'स्टील व्हील्स' साठीही त्याच स्टुडिओत होते. बेट, समुद्र, ऊन, आणि चार मध्यमवयीन इंग्रज. काय होणार होतं? अल्बम जून १९८९ मध्ये आला आणि सप्टेंबरमध्ये ह्यूगो चक्रीवादळाने तो स्टुडिओ उद्ध्वस्त केला. पुढे बेटावर ज्वालामुखीही जागा झाला. त्या जागेच्या शेवटच्या आवाजांपैकी हा एक आहे, एवढ्यासाठी तरी 'टीकबॉइज' एकदा पूर्ण ऐकावं. दुसऱ्यांदा ऐकलंच पाहिजे असं नाही.

हे सगळं झालं की आठवड्याने एकदा अल्बम मूळ क्रमाने, सलग ऐका. तेव्हा मुखपृष्ठ समोर ठेवा. रॉजर डीनची चित्रं 'फ्रॅजाइल' पासून येसची ओळख होती. नव्या येसने ऐंशीच्या दशकात त्याला बाजूला सारून संगणकी आकृत्या लावल्या. या चौघांनी डीनला परत बोलावलं. नाव वापरता येत नव्हतं, चित्रकाराला मात्र कोणी अडवू शकत नव्हतं. दुकानात लांबून बघणाऱ्याला हा कोणाचा अल्बम आहे ते कळायला तेवढं पुरे होतं. इंग्लंडमध्ये तो चौदाव्या क्रमांकापर्यंत गेला, अमेरिकेत तिसाव्या.

मंचावरची आवृत्ती

अल्बम अंगवळणी पडला की दौऱ्याचं ध्वनिमुद्रण घ्या, 'अ‍ॅन ईव्हनिंग ऑफ येस म्युझिक प्लस'. ९ सप्टेंबर १९८९ ला कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यू इथल्या शोअरलाइन ॲम्फिथिएटरमध्ये झालेली ही मैफल १९९३ मध्ये बाजारात आली. लेव्हिन आजारी पडल्याने बासवर जेफ बर्लिन आहे. हा ब्रूफर्डच्या सत्तरच्या दशकातल्या बँडचा माणूस. त्याच्या आणि लेव्हिनच्या वाजवण्यातला फरक 'ब्रदर ऑफ माइन' एकामागून एक लावून ऐका, बर्लिनची बोटं फार बोलतात.

सुरुवातीला अँडरसन एकटा गातो आणि त्या तुकड्यांत 'ओनर ऑफ अ लोन्ली हार्ट' सुद्धा घेतो. ज्यांच्याशी कोर्टात भांडण चालू आहे त्यांचंच गाणं! नवी गाणी 'क्लोज टू द एज' आणि 'हार्ट ऑफ द सनराइज' यांच्या शेजारी बसवलेली आहेत, आणि 'बर्थराइट' त्या रांगेत मान खाली घालत नाही. आता 'क्लोज टू द एज' ऐकायला हरकत नाही. तो सुरुवातीचा गदारोळ या वेळी ओळखीच्या माणसांचा असेल.

पुढे काय, आणि काय टाळावं

दोन वर्षांनी दोन्ही भांडणारे गट एकत्र करून 'युनियन' हा अल्बम निघाला. आठ जण, दोन ड्रमर, दोन गिटारिस्ट, दोन कीबोर्डवाले. कागदावर स्वप्न. प्रत्यक्षात या चौघांच्या अर्धवट दुसऱ्या अल्बमला स्क्वायरच्या गटाची काही गाणी जोडली गेली, निर्मात्याने स्टुडिओतले भाडोत्री वादक आणून अनेक भाग पुन्हा वाजवून घेतले. वेकमन त्या अल्बमला 'अनियन' म्हणतो, कांदा, कारण ऐकला की रडू येतं. दौरा मात्र गाजला, फिरत्या रंगमंचावर.

त्यापेक्षा 'कीज टू असेन्शन' घ्या. मार्च १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन लुइस ओबिस्पोमध्ये अँडरसन, स्क्वायर, हाउ, वेकमन आणि व्हाइट पुन्हा एकत्र आले त्या मैफलींवर तो बेतलेला आहे. ड्रम्सवर ब्रूफर्ड नाही, बासवर स्क्वायर आहे, म्हणजे आपल्या अल्बमची बरोबर उलट बाजू. लेव्हिन-ब्रूफर्ड जोडी आवडली असेल तर किंग क्रिमसनचा १९८१ सालचा 'डिसिप्लिन' घ्या, तो या सगळ्यांहून कडक आहे.

'युनियन' वरून एकच गोष्ट उचला. 'मॅस्करेड' नावाचा तुकडा, हाउ एकटा, हातात एक गिटार, दोन मिनिटांच्या आसपास. रॉक वाद्यसंगीताच्या ग्रॅमीसाठी त्याला नामांकन मिळालं होतं. आठ जणांच्या अल्बमवर सगळ्यात चांगलं काम एकट्याने केलेलं निघालं.